लिकोरिस कॅन्डी म्हणजे आपला जेष्ठमधच ना? मग ग्लुटेन-फ्री मुलीला चालेल का?

कृष्णाकाठ_सांगली

नमस्कार. पहिल्यांदाच इथं लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी मुलगी ९ वर्षांची आहे, गेल्या दिवाळीच्या आधी तिला सिलिएक निघालं, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन आतड्याला चालत नाही असा आजार. त्याआधी दोन वर्षं नुसतं रक्त कमी, रक्त कमी म्हणून लोहाचं औषध पाजत होतो, वजनाचा काटा हलत नव्हता, पोट सारखं फुगलेलं, आणि जो तो म्हणायचा पोरगी नीट जेवत नाही. शेवटी मिरजेला टीटीजी, म्हणजे सिलिएकसाठीची रक्ताची तपासणी केली, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला, तेव्हा कळलं. तेव्हापासून तिचा तवा वेगळा, पोळपाट वेगळं, पिठाचा डबा वेगळा. सात-आठ महिन्यांत तीन किलो वजन वाढलंय, गालावर रंग आलाय, त्यामुळं आता कुठंही चूक होऊ नये असं फार वाटतं.

तर झालं असं की माझे धाकटे दीर परवा अमेरिकेहून आले. बॅग उघडली, पोरांना चॉकलेटं बिस्किटं वाटली आणि हिला गव्हाचं काही चालत नाही हे त्यांच्या लक्षात होतं म्हणून त्यांनी मुद्दाम हिच्यापुरती वेगळी लिकोरिस कॅन्डी आणली होती. सासूबाईंनी विचारलं लिकोरिस म्हणजे काय रे, तर म्हणाले अगं आपला जेष्ठमध. मग काय, सासूबाई म्हणाल्या जेष्ठमध तर मीच सहाणेवर उगाळून बाळगुटीत दिलाय हिला, त्याने काय होतंय, खा गं बाळ. मी तेव्हा ऑफिसात. घरी येईपर्यंत हिने एक लाल कांडी पूर्ण आणि दुसरी अर्धी खाल्लेली.

पंचाईत अशी की मुंग्या लागतील म्हणून सगळी कॅन्डी स्टीलच्या डब्यात ओतून ठेवली आणि पाकिटं सकाळच्या घंटागाडीत गेली, त्यामुळं वाचायला काही हातात नाही. कांडी घेऊन बघितली, लाल, पीळ घातलेली, दोरीसारखी, वाकवली तरी तुटत नाही, मेणचट चमक आहे. दुसरी काळी, मऊ, बोटाच्या पेराएवढे तुकडे, त्याला मळीसारखा वास येतोय. मी दोन्हीतला एकेक कण जिभेवर ठेवून बघितला, काळ्याला जेष्ठमधाची चव आहे पण लालला तर अजिबातच नाही.

मला एवढंच विचारायचंय की जेष्ठमधात ग्लुटेन असतं का, आणि नसेल तर ही कॅन्डी चालेल का? आणि हिला कालपासून काहीच त्रास नाही, ना पोट दुखलं ना जुलाब, मग चाललं असं धरायचं का? दीर एवढ्या आठवणीने घेऊन आलेत, त्यांना कसं सांगू तेही कळेना.


गावभाग_वाचक

ताई सध्या डबा वरच्या फळीवर ठेवा. पाकीट नाही म्हणजे द्यायचं नाही, आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं. दिरांना नाव विचारा, कुठल्या कंपनीची होती ते आठवत असेल.


शाहूपुरी_सातारा

ताई, आधी सरळ उत्तर देतो मग बाकीचं. जेष्ठमधात ग्लुटेन नसतं. ते एका झाडाचं मूळ आहे, धान्य नाही, ग्लुटेन फक्त गहू, बार्ली आणि राय या धान्यांत असतं. पण लिकोरिस कॅन्डी बहुतेक वेळा चालत नाही, कारण तिच्यात गव्हाचं पीठ असतं. सासूबाई बोलल्या ते मुळाबद्दल बरोबर आहे, कॅन्डीबद्दल नाही.

माझ्या मुलाचं २०१४ साली निघालं, आता बारावीला आहे, आम्ही याच वाटेने गेलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो. गोळ्या-चॉकलेटात गव्हाचं पीठ कशाला घालतील असं आपल्याला वाटतं, कारण आपल्या डोक्यात गोळी म्हणजे साखरेचा पाक. लिमलेटच्या गोळीत पीठ नसतं हे खरं. पण ही कांडी तुम्ही वाकवली आणि तुटली नाही म्हणताय ना, तो चिवटपणाच पिठाचा आहे. साखर, कॉर्न सिरप आणि पीठ एकत्र शिजवतात, पिठातला स्टार्च फुलून लगदा घट्ट होतो, मग आपण सोऱ्यातून चकली पाडतो तसा तो गरम लगदा साच्यातून दाबून लांब कांड्या काढतात आणि वाळवतात. म्हणजे पीठ तिथं चिमूटभर चुकून पडलेलं नसतं, त्या कांडीचा सांगाडाच पिठाचा असतो.

लाल, पिळाची, अमेरिकेची म्हणताय म्हणजे बहुतेक ट्विझलर्स किंवा रेड व्हाइन्स असणार, तिकडं घरोघरी तीच खातात. दोन्हींत गव्हाचं पीठ आहे आणि ते पाकिटावरच्या घटकांच्या यादीत कॉर्न सिरप, म्हणजे मक्याच्या पाकानंतर लगेच दुसऱ्या नंबरला लिहिलेलं असतं. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणजे दुसऱ्या नंबरला आहे म्हणजे किती असेल बघा. आणि तुम्हाला लालमध्ये जेष्ठमधाची चव लागली नाही ते बरोबरच आहे, या लाल कांड्यांत जेष्ठमध नसतोच, स्ट्रॉबेरीसारखा वास आणि रंग असतो, आकारावरून लिकोरिस नाव पडलंय. मूळ जे चालणारं होतं तेच त्यात नाही आणि जे चालत नाही ते भरपूर आहे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आणि मला वाटतं हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे. त्रास झाला नाही म्हणजे चाललं असं कृपा करून धरू नका. सिलिएक ही ॲलर्जी नाही की खाल्लं आणि अंगावर गांध्या आल्या. शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं, आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीच्या लवीसारखी जी लव असते, जिला व्हिलाय म्हणतात, ती झडते, आणि ते पोट न दुखताही होत राहतं. माझ्या मुलाला पहिलं वर्षभर काही खाल्लं की लगेच उलटी व्हायची, नंतर मोठा झाल्यावर काहीच जाणवेना, म्हणून आम्ही ढिले पडलो, लग्नाकार्यात थोडं थोडं चालू दिलं आणि पुढच्या तपासणीत टीटीजी परत वर. तेव्हापासून जिभेवर आणि पोटावर विश्वास नाही, फक्त कागदावर.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात सिलिएक असलेल्या मोठ्या माणसांना रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिलं तर आतड्यावर परिणाम दिसला. एक ग्रॅम गव्हाच्या पिठात साधारण ८० ते १०० मिलिग्रॅम ग्लुटेन असतं. म्हणजे चहाच्या चमच्याच्या टोकावर मावेल एवढं पीठ रोज गेलं तरी ते जास्तच आहे, आणि या कांडीत त्यापेक्षा कितीतरी अधिक जातं.

पण एकदा दीड कांडी गेली म्हणून रडत बसू नका. उतारा काही नसतो, कुठलं औषध देऊ नका, नेहमीचं जेवण आणि पाणी द्या, उलट्या जुलाब फार झाले तरच डॉक्टर. पुढच्या तपासणीला गेलात की तारीख सांगा म्हणजे झालं. एक चूक भरून निघते, रोजची निघत नाही.


पलूस_शेतकरी

ताई मी बघा खपली करतो दरवर्षी दीड एकर. आमच्याकडनं लोक पुण्या-मुंबईला घेऊन जातात, ज्यांना गहू सोसत नाही ती खपली खात्यात आणि त्रास होत नाही असं सांगत्यात. पोरीला गव्हाची पोळी सुटली म्हणताय, तर खपलीची करून बघा की. जुना गहू हाय, यात ग्लुटेन नसतंय म्हणे. लागला तर मी पाठवतो पाच किलो, पैसे नकोत, लेकरासाठी हाय.


शाहूपुरी_सातारा

दादा, तुमचा भाव कळला पण ताईंनी हे अजिबात करू नये. खपली हा गहूच आहे, जुनी जात आहे एवढंच, आणि त्यात ग्लुटेन आहे. पोळी लाटता येते ती त्यामुळंच. पोट जड होतं म्हणून गहू कमी केलेली माणसं वेगळी, त्यांना खपली बरा वाटत असेल, मधुमेहवाले पण घेतात. सिलिएकवाल्याला खपली, बन्सी, लोकवन, जोडगहू सगळं एकच. आमच्याही घरी एका पाहुण्यांनी याच समजुतीने खपलीचे लाडू करून आणले होते, आणि आईंनी दोन महिने मुलाला दिले, कारण डब्यावर कुणी गहू असं लिहिलेलं नव्हतं.

दादा, तुमच्याकडं शाळू असेल तर मात्र ताईंना जरूर पाठवा, पण मळणी आणि पोती गव्हाची नसावीत.


पलूस_शेतकरी

असं हाय होय. मला खरंच म्हाईत नव्हतं, चार जणांना मी सांगितलंय तसं, आजच फोन करून सांगतो. ताई, शाळू हाय माझ्याकडं, पण मळणी एकाच मशिनवर होती आमच्यात, गव्हाचे दाणे दिसत्यात अधनंमधनं. निवडून घेणार असाल तर देतो, न्हाईतर नको.


तासगाव_ते_आइंडहोवन

मी तासगावचा, गेली सहा वर्षं नेदरलँड्सला आहे, इथं लिकोरिसला ड्रॉप म्हणतात आणि लोक आपल्याकडं बडीशेप खावी तसं येता-जाता खातात, ऑफिसात टेबलावर वाटीच ठेवलेली असते. माझ्या बायकोला सिलिएक आहे म्हणून या विषयात घुसावं लागलं.

एक फरक सांगतो जो ताईंच्या काळ्या तुकड्यांना उपयोगी पडेल. इथली डच ड्रॉप कडक किंवा रबरासारखी असते, ती बऱ्याचदा बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक, जिलेटिन किंवा मक्या-बटाट्याचा स्टार्च वापरून करतात, त्यामुळं त्यातल्या बऱ्याच बायकोला चालतात, पण सगळ्या नाही, दर वेळी वाचावंच लागतं. याउलट फिनलंड, स्वीडन, ऑस्ट्रेलियाकडची जी मऊ, जाड, चावली की चिखलासारखी दाताला बसणारी काळी लिकोरिस असते ती बहुतेक गव्हाच्या पिठाची. इंग्लंडची ती रंगीत थरांची ऑलसॉर्ट्स असते त्यातही गहू आहे. हरिबोची काळी चाकं पण गव्हाच्या पिठाची, तीच कंपनी अस्वलाच्या आकाराच्या ज्या गोळ्या करते त्या मात्र जिलेटिनच्या. म्हणजे कंपनीचं नाव बघूनही भागत नाही. ताई, तुमच्या काळ्या तुकड्याला मळीचा वास आणि मऊपणा आहे म्हणताय, मला तरी ती पिठाची वाटतेय.

इथल्या खारट ड्रॉपमध्ये नवसागर घालतात, खरंच, तोच आपला कल्हईवाला भांडं तापवून कापसाने फिरवायचा तो नवसागर. माझ्या आईला पहिल्यांदा खायला दिली तर तिने वासावरूनच ओळखलं.

वाचताना काय बघायचं तर अमेरिकेच्या पाकिटावर गहू असेल तर तो लिहावाच लागतो, तिकडं २००६ पासून तसा कायदा लागू आहे, पण बार्ली त्या कायद्यात नाही. त्यामुळं खालच्या ॲलर्जीच्या ओळीत गहू दिसला नाही तरी वरच्या घटकांच्या यादीत माल्ट (म्हणजे बहुतेक वेळा मोड आणलेली बार्ली), बार्ली माल्ट एक्स्ट्रॅक्ट असे शब्द शोधायचे. युरोपात ग्लुटेनची सगळी धान्यं ठळक अक्षरात छापतात, ते सोपं जातं. ग्लुकोज सिरप वाचून घाबरू नका, ते इथं कधीकधी गव्हापासून करतात पण इतकं शुद्ध केलेलं असतं की युरोपच्या नियमात त्याला ॲलर्जीच्या यादीतून सूट आहे, बायको खाते आणि तिचे रिपोर्ट चांगले आहेत. आणि पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहिलं असेल तर अमेरिका असो, युरोप असो की आपलं अन्नसुरक्षेचं खातं एफएसएसएआय, मर्यादा एकच आहे, किलोला २० मिलिग्रॅमच्या आत. तांदळाच्या किंवा मक्याच्या पिठाची ग्लुटेन-फ्री लिकोरिस मिळते, दिरांना पुढच्या वेळी तीच आणायला सांगा, त्यांची इच्छा पण राहील.

आणखी एक, गहू आणि हा आजार यांचा संबंध शोधला तो इथल्याच एका मुलांच्या डॉक्टरांनी, डिके त्यांचं नाव. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात इथं भयंकर अन्नटंचाई होती, लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले, ब्रेड मिळेना, आणि त्याच दिवसांत दवाखान्यातली ही पोटफुगीची मुलं मात्र सुधारली, पुढं ब्रेड मिळायला लागला तशी परत खालावली. १९५० साली त्यांनी यावर प्रबंध लिहिला. त्याआधी बरेच डॉक्टर या मुलांना केळ्यांवर भर असलेला आहार द्यायचे, कारण नेमकं काय बाधतंय हेच माहीत नव्हतं. ताई, तुमच्या मुलीच्या आजाराचं नाव कळलं, कारण कळलं, हे फार मोठं आहे, मला तर ते वाचून धीर आला होता म्हणून लिहिलं.


कराडची_आत्या

वाचून जीव तुटला. माझ्या भाचीची मुलगी पण अशीच आहे. मी तिच्यासाठी जेष्ठमधाच्या वड्या करते त्याची कृती देते, पोरीला काहीतरी कांडीसारखं खायचं असेल तर. जेष्ठमधाच्या बोटभर लांब दोन कांड्या ठेचायच्या, दोन वाट्या पाण्यात घालून एक वाटी राहीपर्यंत उकळायच्या आणि गाळून घ्यायचं. त्यात वाटीभर गूळ किसून घालायचा आणि हलवत राहायचं. वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकून बघायचा, विरघळला तर कच्चा, बोटाने गोळा झाला आणि मऊ राहिला म्हणजे गोळीबंद पाक झाला, तिथंच गॅस बंद, जरा पुढं गेलं की दगड होतो. चमचाभर तूप, चिमूट मीठ, सुंठ पाव चमचा, आणि तूप लावलेल्या ताटात ओतून कोमट असतानाच हाताने ओढून कांड्या करायच्या. पिळ घालायचा, अगदी त्या लाल कांडीसारखा दिसतो. चिकटू नये म्हणून वरनं भाजलेल्या तांदळाच्या पिठात घोळवायच्या. सुंठ घरी कुटलेली घ्या गं, विकतची नको.

मी स्वतः पण घसा बसला की दिवसभर जेष्ठमध तोंडात धरते, भजनाला बरं पडतं.


काष्ठौषधी_मिरज

आत्या, तुमच्या शेवटच्या ओळीसाठी लिहितोय. तुम्हाला बीपी आहे का? आमचं काष्ठौषधींचं दुकान आहे, वडिलांपासून चालतंय, आणि जेष्ठमध मागायला आलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाला मी हे विचारतो. जेष्ठमधात ग्लिसिरायझिन म्हणून जो गोड अंश असतो तो साखरेच्या कितीतरी पट गोड, पण तोच जास्त दिवस जास्त प्रमाणात गेला तर अंगात मीठ-पाणी धरून ठेवतो, पोटॅशियम कमी करतो आणि बीपी वाढवतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिकडच्या अन्न-औषध खात्याने, सांगून ठेवलंय की चाळिशीच्या पुढच्या माणसाने रोज दोन औंस म्हणजे साधारण ५७ ग्रॅम काळी लिकोरिस दोन आठवडे खाल्ली तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून बीपीची गोळी, लघवी होण्याची गोळी, हृदयाचं औषध चालू असेल किंवा दिवस गेलेले असतील तर रोज जेष्ठमध नको. घसा बसला तेव्हा दोन-तीन दिवस एखादी काडी चघळली तर तेवढं चालतं.

लहान मुलीसाठी आत्यांची वडी छान आहे, पण ती खाऊसारखी रोज डब्यात देऊ नका, आठवड्यातनं कधीतरी एखादी, आणि तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारून.

दुसरं, ग्लुटेनच्या दृष्टीने कांडीच घ्या. चांगली कांडी वरनं तपकिरी, सुरकुतलेली, मोडली की आत पिवळीजर्द आणि धाग्याधाग्यांची असते. सुटं चूर्ण घेऊ नका, ते कुठल्या चक्कीत काय दळल्यावर दळलंय हे आम्हालाही सांगता येत नाही. पाकिटातल्या चूर्णावर घटक लिहिलेले असतात, ते वाचून घ्यायला हरकत नाही. खोकल्याच्या चघळायच्या गोळ्या, चाटणं, सगळ्याला हाच नियम. आणि अमेरिकेकडच्या काही लिकोरिस नावाच्या गोळ्यांत नुसतं बडीशेपेसारख्या वासाचं तेल असतं, मूळ नसतंच, म्हणजे नावावरनं दोन्हीकडनं काही ठरत नाही.


शाहूपुरी_सातारा

सुंठीचा आणि चूर्णाचा विषय निघालाच आहे तर ताई, एक विचारतो, हिंग बघितला का? आम्हाला दोन वर्षं कळलं नव्हतं. आपला डबीतला हिंग शुद्ध नसतो, तो बांधलेला असतो, हिंगाच्या चिकाबरोबर डिंक आणि गव्हाचं पीठ किंवा मैदा, काही ठिकाणी तांदळाचं पीठ. गहू घरातून हद्दपार केला, भाकरीसाठी वेगळी काठवट केली, आणि रोजच्या आमटीच्या फोडणीत, लोणच्यात, पापडात तेच चाललं होतं. चिमूटभर असलं तरी रोज दोन वेळा. आता तांदळाच्या पिठातला, तसं पाकिटावर लिहिलेला हिंग आणतो.

आणि गिरणी. शाळू दळायला आधी गिरणीत नेत होतो, आमच्या आधी कुणाचा तरी गहू झालेला असायचा, जात्यात आणि कापडी नळीत जे पीठ राहतं ते पहिलं किलोभर आपल्याच डब्यात येतं. शेवटी हप्त्याने घरघंटी घेतली, फक्त शाळू, नाचणी आणि तांदूळ. मुलाचा टीटीजी खरा खाली आला तो त्यानंतर. बाकी कुरडया गव्हाच्या चिकाच्या, शेवया, सांजा हे तुम्हाला माहीतच असेल, पण माल्टची दुधात घालायची पावडर, सोया सॉस, आईस्क्रीमचा कोन, आणि ज्या कढईत सामोसे तळले त्यातली बटाटाभजी, हे नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. उपवासाचं मात्र बरंचसं आपलं आहे, भगर, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, त्यामुळं आमच्याकडं प्रवासात सरळ उपवासाची थाळी मागतो, फक्त पिठं भेसळीची नाहीत ना एवढं विचारतो.

अजून एक, तुम्हाला अजून एक मूल आहे असं वाटलं वाचताना. त्याची टीटीजी केली का? सख्ख्या भावंडांत आणि आईवडिलांत निघायची शक्यता बाकी लोकांपेक्षा बरीच जास्त असते, त्रास नसला तरी तपासतात. पण तपासणी होईपर्यंत त्याचा गहू बंद करू नका, गहू बंद केला की रिपोर्ट खोटाच चांगला येतो.


कृष्णाकाठ_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार, कालपासून तीनदा वाचलं आणि घरात मोठ्याने वाचून दाखवलं.

दिरांच्या दुसऱ्या बॅगेत दोन्हीचं एकेक न फोडलेलं पाकीट निघालं, मित्रांना द्यायला ठेवलेलं. रात्री जेवणं झाल्यावर सगळे टेबलाभोवती बसलो, अक्षर इतकं बारीक की मोबाईलची बॅटरी लावून, सासऱ्यांचं भिंग घेऊन वाचलं. लालवर कॉर्न सिरप, त्याच्यापुढं लगेच व्हीट फ्लोअर, म्हणजे गव्हाचं पीठ. काळ्यावर मळी, मग व्हीट फ्लोअर, आणि जेष्ठमधाचा अर्क एकदम शेवटी शेवटी. दीर म्हणाले वहिनी मी पुढचं नाव वाचलं आणि मागं उलटून बघितलंच नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, मी म्हटलं भाऊजी, तुम्ही एकट्यांनी तरी तिच्यासाठी वेगळं आणायचं लक्षात ठेवलंत, बाकीच्यांनी आणलं ते सगळं तिच्या भावासाठीच. त्यांनी लगेच तिकडच्या दुकानातल्या तांदळाच्या पिठाच्या लिकोरिसचा फोटो मागवलाय, आला की इथं टाकते, यादी बघून सांगाल का.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. सकाळी उठून बघते तर त्यांनी हिंगाची डबी खिडकीत उजेडाला धरलेली, मला म्हणाल्या वाच गं यावर काय लिहिलंय. गव्हाचं पीठ होतं. सात महिने रोज. त्यांनी ती डबी आणि जुनं लोणचं दोन्ही शेजारी देऊन टाकलं आणि कैऱ्या आणायला सांगितल्यात, नव्या हिंगाने परत घालणार म्हणे.

मुलीला मीच समजावलं. तिने एकच विचारलं, व्हीटचं स्पेलिंग काय, आणि वहीच्या मागच्या पानावर व्हीट, बार्ली, राय, माल्ट असं चार ओळींत लिहून घेतलं. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो तेव्हा ती काउंटरवर पाकिटं उलटी करून एकेक वाचत बसली होती, दुकानदार थांबले तिच्यासाठी. जेष्ठमधाची कांडी मिरजेहून आणलीय, आत्या, रविवारी तुमच्या वड्या करणार आहे, डॉक्टरांना विचारलंय, कधीतरी चालेल म्हणाले.

पलूसच्या दादांना, शाळू नक्की द्या, मी आणि सासूबाई दोघी बसून निवडून घेऊ, पण पैसे घ्यावे लागतील. घरघंटीचं बघतेय, जुनी कुणाची विकायची असेल तर नको, आत गव्हाचं पीठ असणार.

धाकट्याची टीटीजी मंगळवारी आहे. तोपर्यंत त्याची पोळी चालूच ठेवलीय.


शाहूपुरी_सातारा

रिपोर्ट आला की कळवा ताई. आणि लोणच्याची मोहरी-मेथी पण सुटी घेऊ नका, पाकिटातली घ्या, सुट्या मालात गव्हाचे दाणे निघतात.